शेजारच्या बाईंची रोपं

मला शेतीतलं कळतं ही बातमी अमेरिकेत, क्युपर्टिनोतल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये माझ्या नवऱ्यानं पसरवली. त्यात कौतुक कमी आणि स्वतःची सुटका जास्त होती. बी.एस्सी. ॲग्री करून बियाण्यांच्या कंपनीत बऱ्यापैकी नोकरी करत असलेली मी लग्नानंतर इथं आले, आणि आल्या आल्या कळलं की माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी आहे. त्या व्हिसाला 'डिपेंडंट' असं गोड नाव आहे. दिवसभर घरात बसून मी भिंतींशी भांडायचे, आणि संध्याकाळी भिंतींची रजा असली की नवऱ्याशी. म्हणून तो भेटेल त्याला सांगत सुटला, "माझी बायको ॲग्रिकल्चर एक्स्पर्ट आहे." मग कुणाचा कढीपत्ता वाळला, कुणाच्या तुळशीनं मान टाकली की मला बोलावणं यायचं. मी जायचे, कुंडीत बोट खुपसायचे आणि "पाणी कमी करा" म्हणायचे. शंभरातल्या नव्वद रोपांना तेवढंच पुरतं.

शेजारच्या बाईंनी बोलावलं तेव्हाही मी असंच बोट परजत गेले. बाई सत्तरीच्या, अमेरिकन, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शेजारच्या जिन्याला, वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं, कारण केमोथेरपीनं केस गेले होते. त्यांनी मला मागच्या रिकाम्या बेडरूममध्ये नेलं आणि दार उघडून म्हणाल्या, "बघ. मी यांना मारतेय की ही मला, कळत नाही."

खोलीत माती नव्हतीच. झाकण लावलेला प्लॅस्टिकचा मोठा टब होता. झाकणाला भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, वाट्यांत भाजक्या मातीचे गोळे आणि त्यात एकेक रोप. मुळं खाली खताच्या पाण्यात लोंबकळत. त्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायला माशांच्या टाकीला असतो तसला छोटा पंप गुडगुड करत होता. वर टायमरवर चालणारा झगझगीत दिवा, कोपऱ्यात एक साधा उभा दिवा. आणि रोपं? बोटभर उंचीची, पिवळी, पानांच्या कडा करपलेल्या, परीक्षेत नापास झालेल्या मुलांसारखी खाली बघत उभी. पानाचा आकार मी लगेच ओळखला. कॉलेजात तणांच्या वहीत ते पान मी स्वतः चिकटवलं होतं.

ती गांजाची रोपं होती.

बाईंनी माझा चेहरा बघितला आणि टेबलावरची डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. कॅलिफोर्नियात तेव्हा आजारी माणसाला डॉक्टरांच्या शिफारशीवर घरापुरती ही रोपं लावायला मुभा होती. केंद्र सरकारला ते मान्य नव्हतं, पण राज्याला होतं. बाईंना अन्नाचा वास आला तरी मळमळायचं. वजन उतरत चाललं होतं, आणि आणखी उतरलं तर पुढची केमो थांबवावी लागेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. या औषधानं अन्न पोटात राहायचं. एका मैत्रिणीनं आणून दिलेलं थोडं त्यांनी घेऊन पाहिलं होतं, पण ती मैत्रीण दुसऱ्या राज्यात राहायला गेली. हे औषध विकणारं दुकान लांब, गाडी चालवायची मनाई, आणि कुणापुढे हात पसरायचा नाही हा बाईंचा बाणा. म्हणून त्यांनी ही सगळी सामग्री मागवून, पुस्तिका वाचून, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पेरलं होतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याचा घासच अडकला. "तू वेडी आहेस का? ग्रीन कार्डची फाइल आत्ता कुठे मूव्ह होतेय! फेडरल लॉमध्ये ते इल्लीगल आहे, यार!"

"मग काय, बाईंना उपाशी ठेवायचं?"

त्यानं ताटातली भेंडी बाजूला सारली. माणूस भित्रा आहे, पण वाईट नाही. शेवटी म्हणाला, "तोंडानं सांग. हात लावायचा नाही कशाला. प्रॉमिस कर."

मी वचन दिलं. आता मी शेतीत सल्लागार झाले होते. सल्लागार कधीच कशाला हात लावत नाही, हे मी नोकरीत पाहिलेलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी अडचण कळली. बाईंच्या हाताला कंप होता. टबाचं झाकण उचलायचं तर पाणी गालिच्यावर. हात हवे होते, आणि आमच्या घरात रिकामे हात एकाच माणसाचे होते: माझ्या सासऱ्यांचे.

बाबा त्या वसंतात सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते. वर्षभरापूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून नवऱ्यानं आग्रहानं आणलं होतं. वीजखात्यातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, कपडे कडक इस्त्रीचे. एकच छंद, वीज वाचवणं. महाराष्ट्रात तेव्हा भारनियमनानं निम्मा निम्मा दिवस अंधार असायचा, आणि इथं भरदुपारी पार्किंगचे दिवे जळताना पाहून बाबांना शारीरिक वेदना व्हायच्या. घरात त्यांनी मोहीमच काढली होती. मायक्रोवेव्ह लावला की त्याचं घड्याळ दर वेळी बारा वाजल्याची उघडझाप करायचं, कारण काम झालं की ते प्लग काढून ठेवायचे. एकदा नवऱ्याचा कॉम्प्युटर त्यांनी असाच बंद केला आणि त्याचं दुपारभराचं काम गेलं. वडिलांना बोलायची हिंमत नव्हती, मग रात्री मला बोलला.

"बाबा, शेजारच्या बाईंकडे औषधी रोपं आहेत. जरा मदत कराल?" मी विचारलं. कसली औषधी, ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

असं आमचं पथक तयार झालं. बाई खुर्चीत बसून आकडे लिहायच्या, बाबा हात चालवायचे, आणि मी दारात हात मागे बांधून हुकूम सोडायचे. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं. "मॅडम, काइंडली होल्ड द टॉर्च," असं ते म्हणायचे आणि बाई तितक्याच गंभीरपणे "सर्टनली, सर" म्हणायच्या.

बाईंनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगितलं. उत्तर चुकलं की पायरी पायरीनं मागे जायचं, सगळं खोडून टाकायचं नाही." मला हे भयंकर जड गेलं. मी एकदम पाच गोष्टी दुरुस्त करून मोकळी होणारी बाई आहे.

पहिली पायरी खताची. बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस बाईंनी इमानदारीत घातला होता. तो मोठ्या झाडांचा डोस. तान्ह्या बाळाला पुरणपोळी भरवल्यासारखं झालं होतं. पानांच्या कडा करपल्या त्या त्यामुळे. बाबांनी पाणी बदललं, खत पाव केलं. करपणं थांबलं, पण रोपं काही हसेनात.

दुसरी पायरी दिव्याची. दिवा फार उंचावर टांगलेला, म्हणून रोपं त्याच्याकडे माना ताणून बारीक झाली होती. बाबांनी साखळीची एकेक कडी मोजत दिवा खाली आणला आणि मधे तळहात धरून ऊब पाहिली. तो दिवा दिवसाचे कितीतरी तास जळायचा, पण बाबांनी त्याला कधी हात लावला नाही. तो टायमरवर होता, आणि टायमर या वस्तूबद्दल त्यांना नितांत आदर होता.

तिसरी पायरी पाण्याच्या आंबटपणाची. कागदाच्या पट्ट्या बुडवायच्या आणि रंग जुळवायचा. बाई म्हणायच्या हिरवट, बाबा म्हणायचे पिवळट, आणि मी दारातून ओरडायचे, "इकडे आणा, मला दाखवा!" तीही पायरी पार पडली. तरी रोपं मरतच होती. एक गेलं, मग दुसरं.

या सगळ्यात बाबांचं एक वेगळंच काम चालू होतं. रोज दुपारी ते बाईंसाठी काहीतरी करून न्यायचे. त्यांना स्वयंपाकातलं एकच येतं, पिठलं. ते त्याला बेसन म्हणतात, मी पुण्याची म्हणून पिठलं म्हणते, आणि यावरून आमचे वादही झालेत. बाईंना वासाचा त्रास म्हणून लसूण नाही, कांदा नाही, तेलाचा थेंब, जिरं आणि हळद. पातळ, मऊ भातावर घातलेलं. "मॅडम, काइंडली टू स्पून्स," म्हणून समोर बसायचे. बाई एक चमचा तोंडात घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि वाटी हळूच बाजूला सारायच्या. "सॉरी, सर." बाबा वाटी घेऊन घरी यायचे आणि उरलेलं स्वतः उभ्यानं खायचे.

एकदा मी म्हटलं, "बाबा, नका ना रोज करू. त्यांना जात नाही."

ते वाटी धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "तुझ्या सासूलाही जात नव्हतं. शेवटी शेवटी माझ्याकडं बघून तोंड फिरवायची. मला वाटायचं, माझ्या हातालाच चव नाही." मग नळ बंद करून बाहेर गेले. तिथून पुढे मी नको म्हटलं नाही. बाई जेवल्या पाहिजेत, हे आता माझ्या घरातलंच दुखणं होऊन बसलं होतं.

चौथ्या पायरीला मी वाकून टबाचा वास घेतला. वास घ्यायला हात लागत नाहीत. आठवडाभर न बदललेल्या फुलदाणीच्या पाण्याला येतो तसा कुबट वास होता. बाबांनी जाळीची एक वाटी रोपासकट उचलून दाखवली. मुळं पांढरी हवीत, ती तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. शेतात पाणी साचलं की सोयाबीनचं हेच होतं. पाण्यात उभं असून रोप सुकतं, कारण मुळांना हवा मिळत नाही.

"हवा कमी पडतेय," मी जाहीर केलं. पण समोर पंप मजेत गुडगुड करत होता. बुडबुडे येत होते. मग हवा कमी कशी? बाईंनी पंप मोठा मागवला. तोही गुडगुडला. आणखी एक रोप गेलं.

त्या संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "राहू दे आता. आणखी एक गोष्ट आहे. मी कुणाला सांगितली नाही." त्या खूप हळू बोलत होत्या. "सकाळी खोलीत येते तेव्हा तिथला उभा दिवा बंद असतो. मी तो बंद केलेला नसतो. मग मी लावते. मला आठवतच नाही मी रात्री काय करते. केमोनं डोकं चालेनासं झालंय. जिच्या डोक्यात पाढे होते तिला दिवा आठवत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन मी रडले, आणि नवऱ्यावर विनाकारण चिडलेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं काम आटोपलं. बाई पुढच्या खोलीत पडल्या होत्या. नेहमीप्रमाणे मी आधी बाहेर पडले, माझ्या मागून बाबा. दारातून निघताना माझी ओढणी कडीत अडकली म्हणून मी वळले. बाबांचा हात मागे गेला. बघितलंही नाही त्यांनी. सवयीनं हात दाराजवळच्या भिंतीवर गेला आणि टक्. कोपऱ्यातला उभा दिवा विझला. आणि गुडगुड थांबली.

मी तिथंच उभी राहिले. इथल्या बऱ्याच घरांत बेडरूमच्या छताला दिवा नसतो. दाराजवळचं बटण भिंतीतल्या एका सॉकेटचं असतं, आणि उभा दिवा त्या सॉकेटला लावतात. बाईंचा उभा दिवा तिथंच होता आणि त्याच सॉकेटवर पंपही. सकाळी बाई दिवा लावायच्या की पंप सुरू व्हायचा. दुपारी आमचं पथक निघालं की तो बंद, दुसऱ्या सकाळपर्यंत. महिनाभर आम्ही खत मोजत होतो, दिवा सरकवत होतो, पट्ट्यांच्या रंगांवरून भांडत होतो, आणि रोज जाताना बाबा त्या पोरांचा श्वास बंद करत होते.

"बाबा," मी म्हटलं, "ते बटण..."

"खोलीत कोणी नाही अन् दिवा काहून जळून राहिला?" ते म्हणाले.

मी टबाकडे बोट दाखवलं. ते बघत राहिले. मग त्यांनी बटण दाबलं. गुडगुड. पुन्हा दाबलं. शांत. पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या बोटाचाच राग आला. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी वीज पोचवली, त्यानंच इथं भारनियमन केलं होतं.

ते सरळ बाईंच्या खाटेशी जाऊन उभे राहिले, हात बाजूला, वरिष्ठांपुढे उभं राहावं तसे. "मॅडम, आय हॅव किल्ड युवर प्लांट्स. द स्विच. एव्हरी डे. इट इज माय फॉल्ट."

बाई उठून बसल्या. "दिवा? दिवा तुम्ही बंद करत होता? रोज?"

"येस, मॅडम."

"म्हणजे मी नाही?"

"नो, मॅडम."

बाई हसायलाच लागल्या. फडकं सुटेपर्यंत हसल्या. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे! अरे देवा, माझं डोकं शाबूत आहे!" आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरून ते गदागदा हलवले. अमेरिकन बाईनं हात धरल्यामुळे बाबा इतके अवघडले की माफी मागायचं राहिलेलं वाक्य विसरून गेले. मीही हसत होते आणि डोळे पुसत होते. रोपं मेली होती आणि त्या घरात सण असल्यासारखं वाटत होतं.

जिना उतरताना मला वाटलं, आता सांगून टाकावं. "बाबा, ती रोपं कसली आहेत माहितीये का? म्हणजे, ती..."

"गांजा," बाबा म्हणाले.

मी कठडा धरला.

"अगं, खेडोपाडी खांब उभे करत हिंडलो मी. ते पान मला कळत नाही का? तू सांगितलं नाहीस म्हणून मी विचारलं नाही." मग दोन पायऱ्या उतरून थांबले आणि म्हणाले, "माझ्या मुलाला नको सांगू मला माहीत आहे म्हणून. तो घाबरट आहे."

दुसरी खेप बाबांनी स्वतः काढली. बिया ओल्या फडक्यात बांधल्या, मटकीला मोड आणतो तशा, आणि रोज सकाळी जाऊन उघडून बघायच्या. मोड आल्यावर मला दाखवायला दारात आणले तेव्हा त्यांच्या तोंडावर बारशाचं हसू होतं. पंप दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला गेला, ज्याला बटणच नव्हतं. खत पाव, दिवा जवळ, मुळं पांढरीशुभ्र. रोपं अशी तरारली की कात्री घेऊन मागे लागावं लागलं. बाई आणि बाबा दुपारी त्या खोलीत रमी खेळायचे आणि बाई गणिताच्या जोरावर त्यांना रोज हरवायच्या. नवरा अधूनमधून विचारायचा, "अजून फक्त तोंडानंच ना?" मी म्हणायचे, "फक्त तोंडानंच." ते खरंही होतं.

बाईंचं वजन उतरायचं मात्र थांबत नव्हतं. रोपांना फुलं यायला, ती वाळायला वेळ लागतो. निसर्गाला केमोचं वेळापत्रक दाखवून उपयोग नसतो. एक डोस डॉक्टरांनी पुढे ढकलला. बाबा रोज पातेल्यात कमी कमी पीठ घ्यायला लागले. आधी वाटीभर, मग अर्धी वाटी. शेवटी शेवटी तर चमचाभर बेसन नि मूठभर भात, नुसतं नेल्यासारखं करायचं म्हणून. परतीचं तिकीटही जवळ येत चाललं होतं. एकदा मी त्यांना रोपांशी पुटपुटताना ऐकलं, "चला, चला. लवकर आटपा."

पहिलं पीक हाती आलं ते बाबा जायच्या आदल्या आठवड्यात. बाईंनी ते कसं घेतलं, किती घेतलं, मी पाहिलं नाही. नवऱ्याला दिलेला शब्द मला पाळायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीसारखे गेलो. बाई खुर्चीत सरळ बसल्या होत्या. बाबांनी सोबत आणलेल्या पातेल्यातून वाटी भरून पुढे केली. "मॅडम, काइंडली टू स्पून्स."

बाईंनी एक चमचा घेतला. डोळे मिटले. त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा. मग वाटी हातात उचलून, चमच्यानं कडा खरवडून, बोटानं पुसून त्यांनी ती रिकामी केली आणि बाबांपुढे धरली.

"मोअर, सर. प्लीज."

बाबांनी पातेल्यात बघितलं. पातेलं कोरडं होतं. एवढंसंच केलं होतं त्यांनी, रोज परत येतं म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. डोळे भरून वाहू लागले आणि ते पुसायलाही त्यांना सुचलं नाही.

"फाइव्ह मिनिट्स, मॅडम," ते कसेबसे म्हणाले. "काइंडली वेट." आणि सत्तर वर्षांचा माझा सासरा रिकामं पातेलं छातीशी धरून, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, जिना उतरून धावत सुटला. खालून मला ओरडून विचारत होता, "अगं, बेसनाचा डबा कुठं आहे? मोठा डबा! मोठा!"